फुकट फिरलेल्या गाण्यांमुळे विक्री नेमकी किती बुडते?

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही तिघा मित्रांनी पदरचे पैसे घालून आठ गाण्यांचा मराठी अल्बम केला. डाउनलोडची किंमत ९९ रुपये ठेवली, शिवाय स्ट्रीमिंगवरही टाकला. चौथ्या दिवशी एका टेलिग्राम चॅनेलवर कुणीतरी आख्खा अल्बम झिप करून टाकला. त्या पोस्टवर आज ४० हजार व्ह्यूज दिसतात. म्हणजे आमचं जवळपास ४० लाखांचं नुकसान झालं असं धरायचं का? फाइल-शेअरिंगमुळे विक्री खरंच घटते का, यावर कुणी नीट अभ्यास केलाय का?"

गुणाकार बरोबर आहे, हिशोब चुकलाय. तुम्ही एकटे नाही. अमेरिकेतल्या बड्या रेकॉर्ड कंपन्या हाच गुणाकार करून कोर्टात गेल्या, आणि मी ज्या कंपनीत विक्री सांभाळायचो तिथल्या मीटिंगमध्येही तो फळ्यावर लिहिलेला असायचा. उमेदीची सगळी वर्षं मी या धंद्यात घातली. आधी कॅसेट, मग सीडी, शेवटी परवाने आणि डिजिटल. दोन्ही टोकांचे लोक पाहिले. "पायरसीने आम्हाला खाल्लं" म्हणणारेही आणि "फुकट प्रसिद्धी झाली, तक्रार कसली?" म्हणणारेही. दोघांचंही अर्धंच खरं आहे.

आधी ते ४० हजार बघू. टेलिग्रामवरचा व्ह्यू म्हणजे पोस्ट कुणाच्या तरी डोळ्यांखालून गेली, एवढंच. झिप उतरवली किती जणांनी, उघडली किती जणांनी आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत पोचले किती, हे आकडे पायरी-पायरीने खाली येतात. उतरवणाऱ्यांतही तीन जातीची माणसं असतात. एक, ज्याने पैसे मोजून ते कधीच घेतलं नसतं. दुसरा, जो घेणार होता, पण फुकट मिळाल्यावर त्याने खिशात हात घातला नाही. तिसरा, ज्याने फुकट ऐकलं, आवडलं, आणि मग विकत घेतलं किंवा तिकीट काढून कार्यक्रमाला आला. तुमचं नुकसान म्हणजे दुसरे वजा तिसरे. पहिल्या जातीचे लोक कितीही हजार असोत, तुमच्या गल्ल्यात त्यांच्यामुळे एक रुपयाचाही फरक पडत नाही.

अभ्यास भरपूर झालेत, आणि जवळजवळ सगळे याच वजाबाकीवर. बहुतेकांची सुरुवात नॅप्स्टरपासून होते, म्हणजे लोकांना आपापल्या कॉम्प्युटरवरची गाणी एकमेकांना फुकट देऊ देणाऱ्या प्रोग्रॅमपासून. शॉन फॅनिंगने ते जून १९९९ मध्ये सुरू केलं, डिसेंबरमध्ये कंपन्यांनी खटला भरला, फेब्रुवारी २००१ मध्ये अपिलात नॅप्स्टर हरलं आणि जुलैत बंद पडलं. गंमत अशी की २००० साली, म्हणजे नॅप्स्टर ऐन भरात असताना, अमेरिकेत अल्बमची विक्री घटली नाही. उलट ती ७८.५ कोटी प्रतींवर पोचली, आदल्या वर्षापेक्षा जास्त. घसरण लागली ती नॅप्स्टर बंद पडल्यानंतर. २०१० मध्ये तीच विक्री ३२.६ कोटींवर आली होती. "बघा, नॅप्स्टरने विक्री वाढवली!" असं म्हणणाऱ्यांना पहिला आकडा सापडला, "बघा, बुडालो!" म्हणणाऱ्यांना दुसरा. मधल्या काळात कझासारखी अशा प्रोग्रॅमची पुढची पिढी आली, घरोघरी ब्रॉडबँड पोचलं, सीडी बर्नर स्वस्त झाले. शिवाय आधीची पंधरा वर्षं लोक जुन्या रेकॉर्डी आणि कॅसेटी टाकून तेच अल्बम पुन्हा सीडीवर विकत घेत होते. तो पुनर्खरेदीचा पूरही तेव्हाच ओसरत होता. डीव्हीडी आणि व्हिडिओ गेम त्याच खिशातले पैसे मागू लागले होते. म्हणजे नुसत्या आलेखाकडे बघून काहीच सिद्ध होत नाही.

मग वाटतं, डाउनलोड करणाऱ्यांनाच विचारा की तुम्ही विकत किती घेता. इथे अजून एक खड्डा आहे आणि त्यात भलेभले पडलेत. विचारलं की कळतं, जो जास्त डाउनलोड करतो तो विकतही जास्त घेतो! पण याचा अर्थ डाउनलोडमुळे खरेदी वाढली असा होत नाही. ज्याला गाण्याचं वेड आहे तो दोन्हीकडे पुढे असतो. फुकटची सोय नसती तर त्याच वेड्याने आणखी किती घेतलं असतं, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर थेट विचारून मिळत नाही.

या खड्ड्यातून बाहेर पडायला फेलिक्स ओबरहोल्झर-गी आणि कोलमन स्ट्रम्फ या दोन अर्थतज्ज्ञांनी फार चतुर वाट काढली. २००२ च्या शरद ऋतूतल्या १७ आठवड्यांची सर्व्हरवरची डाउनलोडची नोंद त्यांनी मिळवली आणि ६८० अल्बमच्या अमेरिकेतल्या साप्ताहिक विक्रीशी ताडून पाहिली. अमेरिकनांनी उतरवलेल्या दर सहा फायलींपैकी साधारण एक जर्मनीतल्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवरून येत होती. जर्मनीत शाळांना सुट्ट्या लागल्या की पोरं घरी, कॉम्प्युटर चालू, फायलींचा पुरवठा वाढला. जर्मन शाळेच्या सुट्टीचा अमेरिकेतल्या सीडीच्या दुकानाशी एरवी काय संबंध? म्हणजे सुट्टीच्या आठवड्यात डाउनलोड वाढले आणि विक्री घटली, तर तो परिणाम फाइल-शेअरिंगचाच मानता येतो. त्यांना दिसलेला परिणाम जवळपास शून्य निघाला. २००७ मध्ये हा लेख अर्थशास्त्राच्या अव्वल नियतकालिकात आला आणि जगभर बातमी झाली: पायरसीने काही बिघडत नाही.

मला तो निष्कर्ष पटत नाही. स्टॅन लिबोविट्झ या अर्थतज्ज्ञाने त्यावर वर्षानुवर्षं आक्षेप घेतले. मूळ आकडे इतरांना तपासायला मिळाले नाहीत हा एक. दुसरा मला विक्रीवाला म्हणून लगेच पटतो. त्या १७ आठवड्यांचा शेवट नाताळच्या हंगामात होतो. तेव्हा डाउनलोडही वाढतात आणि भेट द्यायच्या सीडींची विक्रीही फुगते. आपल्याकडे दिवाळीच्या पंधरा दिवसांचे विक्रीचे आकडे घेऊन कुणी मला वर्षाचा कल सांगू लागला तर मी त्याला चहा पाजून परत पाठवीन.

बाकीचे बहुतेक अभ्यास नुकसान झाल्याचंच सांगतात. राफाएल रॉब आणि जोएल वॉल्डफोगल यांनी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलांना विचारून, वेडाचा मुद्दा शक्य तितका बाजूला काढून, हिशोब केला. त्यांच्या अंदाजाने दर पाच अल्बम उतरवले की साधारण एक अल्बम कमी विकला जातो. शिवाय मुलांनी जे फुकट उतरवलं होतं त्याची किंमत त्यांच्या स्वतःच्याच मते विकत घेतलेल्यापेक्षा बरीच कमी होती. अलेहांद्रो झेंटनर यांनी युरोपातल्या २००१ च्या पाहणीवरून काढलं की फाइल-शेअरिंग करणाऱ्याने संगीत विकत घेण्याची शक्यता ३० टक्क्यांनी घटते. आकड्यांत फरक आहे, पण दिशा एकच. म्हणून मी उभा राहतो तो इथे: फाइल-शेअरिंगने विक्री घटते. पण एका डाउनलोडमागे एक विक्री हे प्रमाण गंभीर अभ्यासातून कधीच पुढे आलेलं नाही. ते आलं वकिलांच्या आणि संघटनांच्या पत्रकांतून.

आता कायद्याने काय साधलं तेही बघू, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असणार. अमेरिकेतल्या कंपन्यांच्या संघटनेने सप्टेंबर २००३ मध्ये पहिल्या झटक्यात २६१ सामान्य माणसांवर खटले भरले आणि २००८ च्या अखेरीस हे सत्र थांबवलं. एका महिलेला २४ गाण्यांसाठी २ लाख २२ हजार डॉलरचा दंड ज्यूरीने सुनावला. पैसे वसूल होण्यापेक्षा शिव्याच जास्त मिळाल्या. स्वीडनचं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. १ एप्रिल २००९ ला तिथे असा कायदा आला की हक्कधारकाला कोर्टामार्फत आयपी पत्त्यामागचा माणूस शोधता यावा. नुसत्या धाकाने देशातली इंटरनेटची वाहतूक साधारण १६ टक्क्यांनी घटली आणि पहिल्या सहा महिन्यांत संगीताची विक्री ३६ टक्क्यांनी वाढली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मग लोकांच्या लक्षात आलं की पकडलं कुणालाच जात नाही, आणि वाहतूक पुन्हा होती तिथे गेली. धाकाने विक्री वाढते, म्हणजे नुकसान होत होतं हे खरं. धाक टिकत नाही, म्हणजे नुसत्या कायद्यावर धंदा उभा राहत नाही हेही तितकंच खरं.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट नेहमी सुटते: विकलं काय जात होतं? नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या कंपन्यांनी एकेकटं गाणं विकणं जवळपास बंद केलं होतं. दोन गाण्यांसाठी पंधरा-सोळा डॉलरची बारा गाण्यांची सीडी घ्या, नाहीतर चालू लागा. वर दुकानदाराने फार सूट देऊ नये म्हणून जाहिरातीतल्या किमान किमतीचं बंधनही घातलं होतं. मे २००० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने पाचही बड्या कंपन्यांना ते सोडायला लावलं, आणि तीन वर्षांत ग्राहकांचे ४८ कोटी डॉलर जास्त गेले असा अंदाज दिला. नॅप्स्टरने जे फोडलं ते हे गाठोडं. एप्रिल २००३ मध्ये ॲपलने ९९ सेंटला सुटं गाणं विकायला काढलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. हे गिऱ्हाईक फुकटे नव्हते. त्यांना हवं ते हव्या त्या मापात कुणी विकतच नव्हतं. पण दुसरी बाजूही बघा. सुटं गाणं कायदेशीरपणे विकलं, तरी पंधरा डॉलरच्या जागी एक-दोन डॉलरच आले. म्हणजे अल्बमच्या घसरणीतला मोठा वाटा गाठोडं सुटल्याचा आहे आणि तो चोरीच्या खात्यात टाकता येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. इथलं चित्र मुळातच वेगळं.

महाराष्ट्रात ज्याला आपण फाइल-शेअरिंग म्हणतो ते फार थोड्यांच्या बाबतीत इंटरनेटवरून झालं. फोनच्या तारेवरच्या मोडेमवर चार एमबीचं एक गाणं उतरायला दहा मिनिटं आणि कटकट. एखाद्या हॉस्टेलमध्ये नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात कुणी एकाने उतरवायचं आणि पुढचा सगळा प्रवास हातोहात. आधी एमपीथ्री सीडी. एका चकतीवर दीडशे गाणी, वर झेरॉक्सचं कव्हर, मनीष मार्केटात ठोकभावात आणि स्टेशनबाहेर किरकोळ. मग आलं मेमरी कार्ड, आणि खरा वणवा तिथून पेटला.

ते दुकान ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर मोबाईल रिचार्जची टपरी. आत एक जुना कॉम्प्युटर, त्याला लोंबणारा कार्ड रीडर. गिऱ्हाईक फोनमधून नखाएवढं कार्ड काढून देणार, पोरगा ते रीडरमध्ये खोचून विचारणार, "काय टाकू?" स्क्रीनवर फोल्डर: नवीन मराठी, नवीन हिंदी, भीमगीतं, कोळीगीतं, भक्ती, लग्नाचं डीजे, लावणी. बहुतेक जण सांगायचे, "टाक की सगळं मिक्स." निळी पट्टी सरकत जायची, तोवर बाहेर चहा. दोन जीबीच्या कार्डात पाचशेच्या आसपास गाणी बसायची आणि कार्ड भरून द्यायचे वीस-तीस रुपये.

त्या व्यवहारात दोन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. एक म्हणजे तो फुकट नव्हता. गिऱ्हाईक पैसे मोजत होतं, रांग लावून मोजत होतं. फक्त ते पैसे गाणं बनवणाऱ्याकडे न येता गाणं भरणाऱ्याकडे जात होते. त्या पोराने विकली ती सोय: निवड करून, एका जागी, पाच मिनिटांत. दुसरी म्हणजे भाव. तीस रुपयांत पाचशे गाणी म्हणजे गाण्याला सहा पैसे. त्याच्यासमोर आम्ही आठ गाण्यांची सीडी पन्नास-साठ रुपयांना मांडून बसलो होतो. इंडियन म्युझिक इंडस्ट्री या कंपन्यांच्या संघटनेने २०१० च्या सुमारास या टपऱ्यांना रीतसर परवाना देऊन वर्षाची फी घेण्याची योजना काढली. मला ती फार शहाणपणाची वाटली होती आणि अजूनही वाटते. पण टपऱ्या लाखांत, वसुलीची माणसं हाताच्या बोटांवर. मार्च २०१२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाच्या आदेशाने गाण्यांच्या १०४ बेकायदा साइट्स अडवायला लावल्या, त्याचाही टपरीवर फारसा परिणाम झाला नाही. तिच्या हार्ड डिस्कवर सगळं आधीच होतं.

मग मार कुणाला बसला? इथे माझं मत ठाम आहे. हिंदी सिनेमाच्या संगीताच्या बड्या कंपन्यांना बसला, पण त्या तगल्या. त्यांच्याकडे कॉलर ट्यून होती, टीव्ही-रेडिओच्या परवान्याचे पैसे होते, वकील होते. २०११ मध्ये दूरसंचार नियामकाने अशा सेवा सुरू करताना ग्राहकाची दुहेरी संमती सक्तीची केली आणि कॉलर ट्यूनचं उत्पन्न धाडकन आपटलं. त्या आपटण्याचं खापरही काही जणांनी पायरसीवरच फोडलं, ती वेगळी गंमत. मेले ते छोटे लेबलवाले. भीमगीतं, शाहिरी, कोळीगीतं, देवीची गाणी, वारीचे अभंग काढणारे. त्यांचा सगळा धंदा म्हणजे ६ डिसेंबरला चैत्यभूमीबाहेर, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपुरात दीक्षाभूमीवर, आषाढीला पंढरपुरात आणि गावोगावच्या जत्रांत मांडलेला स्टॉल. वर्षातल्या आठ-दहा दिवसांत वर्षाचा गल्ला. कार्ड भरून घेतलेला माणूस त्या स्टॉलपुढून नुसता चालत पुढे गेला. या लोकांचं दुःख कुठल्याही उद्योग-अहवालात नाही, कारण ते कुठल्या संघटनेचे सभासदच नव्हते.

आणि गायक? सांगतो ते कडू लागेल. बहुतेक मराठी कॅसेटींवर गायकाला, कवीला, संगीतकाराला एकरकमी पाकीट मिळायचं. रॉयल्टी कागदावर असली तरी हातात क्वचित. कॅसेट दहा हजार खपली काय आणि कार्डात भरून दहा लाखांकडे गेली काय, त्यांच्या पाकिटात फरक नाही. उलट गाणं गावोगाव पोचलं की सुपाऱ्या वाढायच्या. कॅसेट बंद पडून टपरीचा जमाना आल्यावर वर्षाला आधीपेक्षा जास्त कार्यक्रम करणारे शाहीर मी पाहिलेत. अमेरिकेतही तसंच दिसलं. ज्युली मॉर्टिमर आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासात फाइल-शेअरिंगने अल्बमची विक्री घटली, पण लहान कलावंतांच्या मैफलींची मागणी वाढली. बड्या ताऱ्यांच्या कार्यक्रमांवर मात्र फारसा परिणाम नव्हता. ज्याला कुणी ओळखत नाही त्याला फुकट ऐकवण्याचा फायदा होतो. ज्याला सगळे ओळखतात त्याला तोटाच.

२०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्यांना विकून टाकता येणार नाही असा केला. म्हणजे आज फुकट फिरलेल्या गाण्यात त्यांचंही जातं. आधीच्या काळात नुकसान मालकाचं होतं, आता मालक, गीतकार आणि संगीतकार असं खरोखर तिघांचं.

एक आडवळण घेतो. अमेरिकेतल्या, आखातातल्या मराठी घरांत वर्षानुवर्षं गाणी पोचली ती नातेवाइकांच्या बॅगेतून किंवा अशाच उतरवलेल्या फायलींतून. कारण तिथे ती विकायलाच नव्हती. जुन्या नाट्यपदांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या संग्राहकांनी फायली करून एकमेकांना पाठवल्या नसत्या तर त्यातल्या कितीतरी आज ऐकायला मिळाल्या नसत्या. मालक कंपन्यांना त्या पुन्हा काढण्यात रस नव्हता. त्या देवाणघेवाणीने कुणाची विक्री बुडाली म्हणता? (कायदा मात्र ध्यानात ठेवा. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं असतो, शब्द आणि चाल यांवरचा कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. तबकडी जुनी झाली म्हणून पद मोकळं झालं असं होत नाही.)

टपरी शेवटी कुणी मारली? पोलिसांनी नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, डेटा पाण्यासारखा झाला आणि त्याच पोरांनी कार्ड रीडर काढून तिथे मोबाईलची कव्हरं टांगली. गाणं आता यूट्यूबवर. फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस मुंबईतलं काळाघोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे कॅसेट-सीडीचं जुनं दुकान बंद झालं होतंच. म्हणजे विकणाराही गेला आणि चोरणाराही. स्ट्रीमिंगवर लुईस आगियार आणि वॉल्डफोगल यांचा अभ्यास सांगतो की ते पायरसी खातं आणि विक्रीही खातं. त्यांच्या अंदाजाने १३७ वेळा स्ट्रीम झालं की एका गाण्याची विक्री कमी होते. अमेरिकेत ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल १९९९ मध्ये १४.६ अब्ज डॉलर होती, २०१४ पर्यंत सात अब्जांच्या खाली गेली आणि २०२३ मध्ये १७.१ अब्जांवर पोचली. महागाई धरली तर अजूनही १९९९ गाठलेलं नाही. आणि हे परत आलेले पैसे विक्रीचे नाहीत, भाड्याचे आहेत.

आता तुमचा हिशोब. ४० हजारांपैकी समजा चौथ्या हिश्श्याने झिप उतरवली: १० हजार. रॉब-वॉल्डफोगलचं पाचास एक हे प्रमाण लावलं तर २ हजार प्रती, म्हणजे १ लाख ९८ हजार रुपये. हाही आकडा मी फुगवलेला समजेन. ते प्रमाण सीडी घ्यायची सवय असलेल्या अमेरिकन कॉलेजकुमारांचं आहे. तुमच्या श्रोत्याला मराठी अल्बम ९९ रुपयांना उतरवून घ्यायची सवय आहे का? त्याची खातरजमा तुमच्याच वहीत होते. झिप पडण्याआधीच्या तीन दिवसांत प्रती किती गेल्या? पन्नास-साठ गेल्या असतील, तर चोरी झाली नसती तरी पुढे दोन हजार गेल्या नसत्या. नव्या अल्बमची विक्री पहिल्या दिवसापासून उतरतच जाते. मित्र, नातेवाईक, आधीचे चाहते घेऊन संपले की पुढचा उतार लागतोच. म्हणून चौथ्या दिवसानंतरची सगळी घट चोरीच्या नावावर लिहू नका. रोजचे आकडे मांडा आणि चौथ्या दिवशी उतारात अचानक तुटलेली पायरी दिसते का ते बघा. त्याच दिवशी स्ट्रीमिंगचे आकडे वर गेले का तेही बघा. गेले असतील तर ते तिसऱ्या जातीचे लोक.

करायचं काय? चॅनेल चालवणाऱ्याला आधी साधा निरोप पाठवा: झिप काढा, जागी आमची लिंक टाका. हे ऐकून पुष्कळ जण हसतात, पण असे चॅनेल चालवणारे बरेच जण हौशी असतात आणि कलावंताने स्वतः लिहिलं की ऐकतात. नाही ऐकलं तर टेलिग्रामकडे कॉपीराइटची तक्रार. ती लवकर करा. गाण्याचं बाजारातलं आयुष्य पहिल्या काही आठवड्यांचं असतं, तीन महिन्यांनी झिप निघाली तर समाधानापलीकडे हाती काही लागत नाही. यूट्यूबवर कुणी तुमची गाणी चढवली असतील तर ती उतरवायच्या मागे लागू नका. तुमची गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला कंटेंट आयडी, म्हणजे गाणं आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा, लावायला सांगा, म्हणजे त्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे पैसे तुमच्याकडे वळतील. टपरीवाल्याकडून आम्हाला जे जमलं नाही ते इथे आपोआप होतं. स्पॉटिफायवर २०२४ पासून बारा महिन्यांत किमान एक हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे पैसेच मिळत नाहीत, तेव्हा आठही गाणी सारखी न रेटता दोन-तीन निवडून ती आधी त्या उंबऱ्याच्या वर न्या.

आणि कागद. प्रत्येक गाण्याचा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक घेतलाय का? तुम्ही आणि गीतकार आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद आहात का? तुम्ही तिघं मित्र आहात म्हणता, पण ध्वनिमुद्रण कुणाच्या नावावर आहे आणि गाणाऱ्याशी लेखी करार आहे का? टेलिग्राम असो की कोर्ट, तक्रार केली की पहिला प्रश्न मालकीचा येतो, आणि तोंडी ठरलेल्या वाटण्या तिथे चालत नाहीत. करार नसेल तर तो या आठवड्यात करून घ्या, तक्रार त्यानंतर.